झेनमध्ये एस्टीमचं इंजिन: आधी चाकं काढा

माझ्या गॅरेजमध्ये मारुतीची जुनी झेन घेऊन येणारा मुलगा गाडी उभी करतो आणि लगेच बोनेट उचलतो. मी त्याला बोनेट खाली घ्यायला सांगते आणि चारही चाकं काढायला लावते. मारुतीच्याच एस्टीमचं १.३ लिटरचं इंजिन झेनमध्ये बसतं, हे इंदुरातल्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला ठाऊक आहे. प्रश्न तो नाहीच. त्या इंजिनाचा जोर बाकीच्या गाडीने पेलायला हवा, आणि ही सगळी तयारी इंजिन आत जाण्याआधी व्हायला हवी. इंजिन एकदा आत गेलं की मुलांना धीर राहत नाही. ब्रेक 'पुढच्या महिन्यात' वर जातात आणि तो महिना येत नाही.

रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर भागात अशा झेन अजून अंगणात उभ्या दिसतात. आजोबांनी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतलेली, आजीने हळदकुंकू लावून ओवाळलेली, आता नातवाकडे आलेली. तिला विकायचं नाही, कबाड्याला द्यायचं नाही, पण तिच्यात दम हवा, असं ही मुलं म्हणतात आणि मला ते मनापासून पटतं. साडेसातशे किलोच्या आसपास वजन, आखूड बांधा, हलकं स्टिअरिंग. अशी चपळ गाडी मारुतीने नंतर क्वचितच केली. म्हणूनच तिच्यावर अर्धवट काम झालेलं मला बघवत नाही.

झेन १९९३ मध्ये आली, एस्टीम १९९४ मध्ये. दोघींची इंजिनं सुझुकीच्या एकाच जी मालिकेतली आहेत: ॲल्युमिनियमचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, चार सिलेंडर, वर एकच कॅमशाफ्ट, तो फिरवणारा टायमिंग बेल्ट. झेनचा बोअर (सिलेंडरचा व्यास) ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६१, म्हणून ९९३ सीसी. एस्टीमचा बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५, म्हणून १२९८. पिस्टन जेमतेम रुंद झाला, पण त्याची धाव साडेचौदा मिलिमीटरने वाढली. म्हणून झेनचं इंजिन आरपीएम चढवल्यावर खुलतं आणि एस्टीमचं खालपासून ओढतं. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणाऱ्या, झेनची ताकद ६० बीएचपी, सोळा व्हॉल्व्हच्या एमपीएफआय एस्टीमची ८५. टॉर्क साधारण ७८ न्यूटन-मीटरवरून ११० वर जातो. म्हणजे त्याच पत्र्याच्या डब्यात, त्याच चाकांवर चाळीस टक्क्यांहून जास्त ताकद. हा आकडा डोक्यात ठेवा, रेडिएटर निवडताना पुन्हा लागणार आहे.

मारुती ८०० वाले वॅगन-आरच्या १०६१ सीसीबद्दल विचारतात. तिथलं गणितही सरळ आहे: दोन्हींचा बोअर ६८.५, स्ट्रोक ७२. ८०० ला तीन सिलेंडर, वॅगन-आरला चार. पण एक सिलेंडर वाढला की आडवं बसणारं इंजिन तेवढं लांब होतं आणि ८०० च्या बोनेटखाली रुंदीची ओढाताण सुरू होते. मी ते काम घेत नाही. झेनमध्ये चाराच्या जागी चारच येतात.

कागदांचं काय

हे इंजिन बसवून झेन इंदूरच्या रस्त्यावर चालवणं कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवरची माहिती आणि कंपनीने मुळात दिलेली माहिती यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच अर्थावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ९९३ च्या जागी १२९८ हा उघड उघड तसाच बदल आहे. शिवाय अशा गाडीने कुणाला धडक बसली तर विमा कंपनीशी भांडायला तुमच्या हातात काहीच उरत नाही, आणि समोरच्या जखमी माणसाच्या घरच्यांचे हाल होतात ते वेगळेच. मला दंडापेक्षा हे जास्त लागतं.

म्हणून हे काम मी फक्त अशा गाडीवर करते जी पुढे सार्वजनिक रस्त्यावर फिरणार नाही. ऑटोक्रॉस, मातीचा ट्रॅक, स्वतःची कुंपण घातलेली जागा. गाडी ट्रेलरवर जाते आणि ट्रेलरवरच परत येते. स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, लायसन्स आणि त्यांची नियमावली आधी हातात घ्या, कारण रोलकेज, हार्नेस, बॅटरी कट-ऑफ आणि आग विझवायचा सिलेंडर यांची जागा ठरल्याशिवाय वायरिंग कुठून न्यायची हे ठरत नाही. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक झाल्यापासून बरीच मुलं तिकडे बोट दाखवतात. तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, रविवारी सकाळी गाडी घेऊन जायची ती जागा नव्हे.

रोज ऑफिसला न्यायची झेन असेल तर तिचं स्वतःचं इंजिन नीट बांधून घ्या. इंजिन अगदीच गेलं असेल तर त्याच जातीचं दुसरं इंजिन नोंदणी अधिकाऱ्यांच्या परवानगीने घालता येतं. नायता मुंडल्याच्या आरटीओत अर्ज आधी द्यायचा आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवताना तपासणी होते, त्यामुळे नंबर जुळणं गरजेचंच आहे. चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, सारखं असलेली मूळ ९९३ सीसीची झेन किती छान पळते, हे आजच्या मुलांपैकी फार थोड्यांनी अनुभवलंय.

ब्रेक, टायर, पत्रा

गाडीचा वेग ८० वरून १०० झाला तर थांबवायची ऊर्जा २५ टक्क्यांनी नाही, ५६ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. १२० ला ती ८० च्या सव्वादोनपट होते. ही सगळी ऊर्जा पुढच्या दोन डिस्क आणि मागचे दोन ड्रम उष्णता करून बाहेर टाकतात. एस्टीमचं इंजिन घातलं की झेन त्या वेगाला फार लवकर पोचते, आणि ट्रॅकवर दर वळणाला ब्रेक लागतो. डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

सुरुवात ब्रेक ऑइलपासून. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्याचा उकळबिंदू घसरतो. डॉट ३ ताजं असताना २०५ अंशांपर्यंत टिकतं आणि पाणी मुरल्यावर १४० वर उकळू शकतं. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल थेट फरशीला टेकतं. म्हणून जुनं ऑइल पूर्ण काढून सीलबंद डबीतलं डॉट ४ भरा. अर्धी उरलेली, झाकण सैल असलेली डबी फुकट मिळाली तरी वापरू नका.

पॅडल दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल तर मास्टर सिलेंडरचे सील गेलेत. मागचे ड्रम उघडा, व्हील सिलेंडरच्या रबरी टोप्या उचकटून आत ओल आहे का बघा. चारही रबरी होज बदला. बाहेरून चांगले दिसणारे होज आतून फुगून बंद झालेले असतात. एस्टीमचे पुढचे ब्रेक घ्यायचे असतील तर हब, डिस्क, कॅलिपर असा अख्खा संच घ्या. इकडची डिस्क आणि तिकडचा कॅलिपर अशी जोडाजोड करू नका.

झेनचे मूळ टायर १४५/७० आर १३. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी भरपूर दिसली तरी जुनं रबर दगड झालेलं असतं. वेगाचं अक्षरही वाचा: एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० किलोमीटरपर्यंत.

मग पत्रा. लोअर आर्म जिथे धरलेले असतात ती जागा, स्ट्रटच्या वरच्या वाट्या आणि पायाखालची फरशी, या तीन ठिकाणी पेंचिसचं (स्क्रूड्रायव्हरचं) टोक दाबून बघा. टोक आत गेलं तर काम तिथेच थांबवा आणि गाडी आधी डेंटरकडे द्या. वरून पुट्टी आणि रंग मारलेला पत्रा या इंजिनाचा झटका सोसणार नाही. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, व्हील बेअरिंग यांत जरा जरी ढिलाई असेल तर नवे घाला. हा सगळा खर्च इंजिनाच्या किमतीच्या वर गेला तरी मला आश्चर्य वाटत नाही, आणि तुम्हालाही वाटू नये.

इंजिन घेताना

सुटं इंजिन स्वस्त पडतं, तरी शक्य असेल तर अख्खी चालू एस्टीम घ्या. एस्टीम २००७ मध्ये बंद झाली, त्यामुळे बाजारातली सगळ्यात नवी एस्टीमसुद्धा आता म्हातारी आहे. पण चालू गाडीत इंजिन थंड असताना सुरू करून ऐकता येतं, एक्झॉस्टचा धूर बघता येतो, आणि मुख्य म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, सगळे सेन्सर, फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन धरून ठेवणाऱ्या, ब्रॅकेट, फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर, रेडिएटर, पंखा, एक्सिलेटरची केबल आणि त्या त्या जागचे बोल्ट, सगळं एकत्र मिळतं. सुट्या इंजिनासाठी या एकेका वस्तूमागे महिनाभर फिरावं लागतं. आयकॅट्स (चोरी रोखणारी यंत्रणा) असलेली एस्टीम असेल तर ईसीयूबरोबर त्याचं युनिट आणि मूळ किल्लीही घ्याच, नाहीतर ईसीयू ठिणगी देणार नाही.

कबाड्याकडून घेत असाल तर आरसी, विक्रीची पावती आणि इंजिन नंबर जुळवून घ्या. चोरीच्या गाडीचं इंजिन नकळत तुमच्या दारात आलं तरी पोलीस तुमच्याच दारात येतील.

जिप्सी किंग आणि व्हर्सामध्येही १२९८ सीसीचं इंजिन आहे, आणि ते दाखवून 'हे पण तेच आहे' असं सांगितलं जातं. मूळ इंजिन तेच, पण त्या गाड्यांमध्ये ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि मागची चाकं फिरवतं. ऑइल सम्प (खालची ऑइलची टाकी), मॅनिफोल्ड, ब्रॅकेट वेगळे. घेऊ नका.

झेन कार्ब्युरेटरची असेल आणि इंजिन एमपीएफआय, तर टाकीत पंप नाही हे लक्षात घ्या. कार्ब्युरेटरला इंजिनावरचा छोटा पंप पुरतो. इंजेक्शनला अडीच-तीन बार दाब लागतो, त्यासाठी टाकीतला पंप, परतीचा पाइप आणि त्या दाबाचे होज लागतात. म्हणून शक्यतो एमपीएफआय झेनच निवडा. अर्धं काम तिथेच वाचतं.

कॉम्प्रेशन बघताना इंजिन गरम हवं, चारही स्पार्क प्लग काढलेले, इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवलेले, एक्सिलेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली. आकडा किती आला यापेक्षा चारही आकडे किती जवळ आहेत ते बघा. दर चौरस सेंटीमीटरला एका किलोपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्या सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर पाणी आणि ऑइल एक झालंय, ते इंजिन सोडून द्या.

इंजिन हातात आलं की बाहेर असतानाच सगळे सील बदला: कॅमचा, क्रँकचा पुढचा, आणि विसरू नये असा मागचा, फ्लायव्हीलमागचा. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. क्रँकच्या टोकावरच्या टायमिंग पुलीचा बोल्ट उघडून तिची चावी (पुलीला शाफ्टवर धरणारी छोटी पट्टी) आणि खाच नीट बघा. या जातीच्या इंजिनांत तो बोल्ट कमी कसला गेला तर पुली सूक्ष्म हलत राहते, खाच रुंदावते आणि टायमिंग कायमचं भटकतं. तो बोल्ट टॉर्क पान्यानेच, मॅन्युअलमधल्या आकड्याला कसा. पाइप घालून अंदाजाने नको.

उतरवणं, मापं, जुळवणं

एसी असेल तर गॅस आधी मशीनने काढून घ्या, हवेत सोडू नका. बॅटरी बाहेर, पेट्रोलचा दाब उतरवलेला, पाणी आणि गिअर ऑइल काढलेलं. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), जॅकवर कधीच नाही. चेन पुली छताच्या लोखंडी गर्डरलाच अडकवा. पत्र्याच्या शेडच्या पाइपला अडकवणारे लोक बघितले की माझा जीव खालीवर होतो.

जुनं इंजिन सोडवण्याआधी मापं घ्या. क्रँक पुलीपासून दोन्ही बाजूंच्या पत्र्यापर्यंत, सम्पपासून जमिनीपर्यंत, गिअरबॉक्समधून एक्सल निघतो तिथपासून पुढच्या क्रॉसमेंबरपर्यंत. प्रत्येक ब्रॅकेटचा फोटो, प्रत्येक बोल्ट कागदी पाकिटात, पाकिटावर मार्करने नाव. इंदुरात असल्याचा फायदा हा की हरवलेला बोल्ट सियागंजात मिळतो आणि बुशिंग सांवेर रोडला लेथवर करून मिळतं, पण इंजिन नेमकं कुठे होतं हे कुठेच विकत मिळत नाही.

गिअरबॉक्स झेनचा ठेवायचा की एस्टीमचा? एकच नियम पाळा: फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट १.३ ची एकत्र, आणि क्लच प्लेटचे दाते ज्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सहज सरकतात तो गिअरबॉक्स. दोन्ही बॉक्स समोर ठेवून प्लेट घालून बघा, बेल हाउसिंगचा (क्लचवरच्या कवचाचा) प्रत्येक बोल्ट आणि डॉवेल पिन हाताने बसते का बघा. बोल्टने ओढून मिळवणी केली तर बेल हाउसिंगला चीर जाते. मी बहुधा एस्टीमचा गिअरबॉक्स इंजिनासोबतच घेते, कारण तो त्या टॉर्कसाठीच केलेला आहे.

मग कोरी जुळणी. मॅनिफोल्ड, अल्टरनेटर, वायरिंग काहीही न लावता नुसतं इंजिन आणि गिअरबॉक्स आत टांगा. फाउंडेशनची रबरं नवी घ्या. जुन्या रबरावर घेतलेलं माप खोटं असतं. ज्या बाजूची मूळ ब्रॅकेट जुळते ती आधी बसवा, उरलेल्या बाजूला इंजिन सरळ पातळीत धरून ब्रॅकेट ठरवा. वेल्डिंग लागलं तर जागेवर फक्त टाके मारा, ब्रॅकेट काढा आणि पूर्ण वेल्ड टेबलावर करा. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीयू दोन्ही सुटलेले हवेत. रबराऐवजी लोखंडी पट्टी लावून फाउंडेशन घट्ट करायचा मोह काहींना होतो. त्याने सगळा हादरा पत्र्यात जातो आणि काही महिन्यांत वेल्ड उलतात.

बोनेटची उंची मोजायला शाडू माती उत्तम. गणपतीनंतर उरलेली असतेच. इंजिनाच्या उंच जागांवर, एअर फिल्टरच्या डब्यावर शाडूचे गोळे ठेवा, बोनेट हळू बंद करा, उघडा आणि गोळ्याची उरलेली जाडी मोजा. दोन सेंटीमीटरपेक्षा कमी नको, कारण गिअर टाकताना इंजिन रबरावर उचललं जातं.

एक्सलकडे मी सगळ्यात जास्त वेळ देते. एक्सलची लांबी चुकली की गाडी आठवडाभर छान चालते आणि मग गिअरबॉक्सच्या तोंडाशी ऑइल येतं. आतला जॉइंट आत-बाहेर सरकतो, कारण चाक वर-खाली होताना अंतर बदलतं. चाक लोंबकळत असताना, गाडी जमिनीवर असताना आणि जॅकने हब पूर्ण वर दाबलेला असताना, अशा तिन्ही स्थितींत एक्सल हाताने आत-बाहेर हलवा. तिन्ही वेळा थोडी हालचाल उरलीच पाहिजे. वर दाबल्यावर तो आत टेकत असेल तर तो एक्सल गिअरबॉक्सला हातोड्यासारखा ठोकत राहणार. लोंबकळताना सुटत असेल तर जॉइंट बाहेर येणार. हेच स्टिअरिंग डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून पुन्हा बघा. एस्टीमचा गिअरबॉक्स आणि झेनचा हब असेल तर आतला जॉइंट एकाचा, बाहेरचा दुसऱ्याचा आणि मधला दांडा जो बरोबर लांबीचा आहे तो, अशी जुळवाजुळव करावी लागते. दांडा कापून वेल्ड करून लांबी साधायची नाही. तो फिरता आणि पीळ सोसणारा भाग आहे, वेल्डशेजारी तुटला तर चाकाजवळ सगळं ओरबाडून टाकतो.

पाणी

साठच्या जागी पंच्याऐंशी बीएचपी म्हणजे पाण्यात जाणारी उष्णताही त्याच प्रमाणात वाढली. झेनचा जुना रेडिएटर आधीच क्षाराने अर्धा भरलेला असतो. एस्टीमचा रेडिएटर आणि त्याचा पंखा आडव्या पट्टीत बसतो का ते मोजा. नसेल तर त्याच रुंदीत जाड कोअरचा करून घ्या. पंखा हवा इंजिनाकडे ओढतो की उलट फेकतो, हे कागदाचा तुकडा धरून बघा, कारण दोन तारा उलट जोडल्या की पंखा उलट फिरतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे गाडी गरम झाली की पहिला सल्ला मिळतो, 'थर्मोस्टॅट काढून टाक.' हा सल्ला मी कधीच मान्य करणार नाही. थर्मोस्टॅट काढला की इंजिन कामाच्या तापमानाला पोचायला फार वेळ घेतं, थंडीत पोचतच नाही. ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो जास्त पेट्रोल ओततो. ते सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, सम्पमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, रिंगा झिजतात. मे महिन्यात इंदूर बेचाळीस अंशांवर असतं तेव्हाही इंजिनाला ऐंशीच्या पुढचं पाणी हवं असतं. गाडी गरम होत असेल तर कारण रेडिएटर, पंखा, पंप, झाकण किंवा पाण्यात अडकलेली हवा यांत शोधा. नवा थर्मोस्टॅट घ्या, तो पातेल्यात पाणी तापवून उघडतो का बघा आणि मगच लावा.

बोअरचं पाणी भरू नका, नर्मदेचं नळाचंही नको. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं. ॲल्युमिनियमच्या इंजिनाला कूलंटमधलं गंजरोधक रसायन लागतंच, नाहीतर हेडमधल्या पाण्याच्या वाटा आतून खाल्ल्या जातात. भरताना गाडीचं तोंड जॅकने थोडं वर उचला, म्हणजे हवा झाकणाकडे येते.

पेट्रोल आणि वायरिंग

पेट्रोलच्या पाइपाला साधा पाण्याचा किंवा कार्ब्युरेटरचा होज लावू नका. इंजेक्शनच्या दाबाचा होज मागा आणि गोल क्लिप लावा, दातेरी पट्टीची क्लिप होज कापते. एक्झॉस्ट आणि पेट्रोल पाइप यांच्यात हातभर अंतर ठेवा, जमत नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा करा.

वायरिंगला घाई करू नका. एस्टीमचं इंजिन वायरिंग ईसीयूपासून शेवटच्या सेन्सरपर्यंत अखंड काढा, एकही तार कापू नका. झेनचं बॉडी वायरिंग, म्हणजे लाइट, हॉर्न, वायपर, मीटर, जसंच्या तसं ठेवा. दोघांची गाठ फार थोड्या ठिकाणी पडते: इग्निशनचा करंट, कायमचा करंट, स्टार्टर, पेट्रोल पंपाचा रिले, पंखा, मीटरकडे जाणारे सिग्नल आणि चेक इंजिनचा दिवा. या गाठींची यादी कागदावर काढा, दोन्ही गाड्यांचे वायरिंगचे नकाशे शेजारी ठेवून रंग जुळवा, प्रत्येक तार मल्टिमीटरने तपासा. जोड क्रिंप करून त्यावर हीट श्रिंक. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेला जोड इंजिनाच्या उष्णतेत सुटतोच, आणि तो पंपाच्या तारेचा असेल तर गाडी ऐन ट्रॅकवर मरते.

अर्थिंगच्या जाड तारा तीन ठेवा: बॅटरी ते बॉडी, बॅटरी ते इंजिन, इंजिन ते बॉडी. रंग खरवडून कोऱ्या धातूवर. नव्या इंजिनाची जी विचित्र दुखणी माझ्याकडे येतात, आरपीएम वरखाली होणं, गरम झाल्यावर बंद पडणं, त्यांत अर्थिंग सैल सापडणं फार नेहमीचं आहे. चेक इंजिनचा दिवा काढून टाकू नका, तो तुमच्या बाजूचा आहे.

पहिला स्टार्ट

ताजं ऑइल आणि फिल्टर. चारही स्पार्क प्लग बाहेर, इंजेक्टरचे कनेक्टर सुटलेले. स्टार्टर थोडा थोडा वेळ फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. प्लग लावा, सगळं जोडा. मग इग्निशन ऑन करून पंप चालू द्या, पण इंजिन सुरू करू नका; दुसऱ्या माणसाने टाकीपासून इंजेक्टरपर्यंत प्रत्येक जोडावर हात फिरवून वास घ्यावा. एक जण आग विझवायचा सिलेंडर घेऊन शेजारी उभा. बाकीच्यांनी लांब.

सुरू झालं की रेस मारू नका. ऑइलचा दिवा, खालची जमीन, पाण्याचा काटा, या तिन्हींकडे बघत ते स्वतःच्या वेगाने गरम होऊ द्या. थर्मोस्टॅट उघडला की खालचा होज गरम लागेल. पंखा स्वतःहून सुरू होऊन स्वतःहून बंद होईपर्यंत थांबा. मग बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, पाणी आणि ऑइल पुन्हा बघा, फाउंडेशनचे, एक्सलचे आणि एक्झॉस्टचे बोल्ट पुन्हा कसा.

गाडी पहिल्यांदा हलवाल ती मैदानात, पहिल्या गिअरमध्ये, आणि पहिलं काम ब्रेकचं. दहा-वीसच्या वेगाने अनेकदा थांबवून बघा, सरळ थांबते का, कुठल्या बाजूला ओढते का. नवे पॅड हळूहळू बसू द्या. त्यानंतरच वेग वाढवा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर प्लग काढून रंग बघा: फिकट तपकिरी हवा, काळा कोरडा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी किंवा कुठूनतरी हवा शिरतेय. गिअरबॉक्सच्या दोन्ही तोंडांशी बोट फिरवा, ओल नको. ब्रॅकेटच्या वेल्डवर चुना लावून ठेवा, वाळल्यावर बारीक चीरसुद्धा गडद रेघ होऊन दिसते. पहिल्या महिन्यात दर वेळी ट्रॅकवरून आल्यावर हे बघायचं, इंजिन कितीही गोड चालत असलं तरी.